गावच्या हवेसाठी निधी : अर्ज कुठे करावा, कशासाठी करावा आणि कशासाठी करू नये

वाळवंटीकाठ

नमस्कार. आमचा गाव गोव्याच्या डिचोली तालुक्यात खनिजवाहतुकीच्या रस्त्याला लागून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा गावातला रोजगार गेला आणि त्याच्याबरोबर धूळही बसली. आता लिलावात गेलेले खाणपट्टे एकेक करून सुरू होऊ लागल्यावर दोन्ही परत येत आहेत. खाण अवलंबित कुटुंबे आमच्याकडे पुष्कळ असल्यामुळे ‘ट्रक बंद करा’ असा ठराव इथे होणार नाही, आणि तो आमचा हेतूही नाही. रस्त्याकडच्या घरांतल्या मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत ती लाल धूळ जाऊ नये, यासाठी गावाने स्वतः काही काम हाती घ्यावे, असे आम्हा काही जणांना मनापासून वाटते. त्याला पैसा लागेल, आणि तो कुठून मिळू शकेल हा या धाग्याचा विषय आहे.

आतापर्यंत जे वाचले ते असे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत देशातील सुमारे 130 शहरे आहेत, पण गोव्यातील एकही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने हवेसाठी जे वेगळे अनुदान ठेवले ते दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या नागरी क्षेत्रांपुरते होते. म्हणजे ज्या पैशावर हवेचे नाव लिहिलेले आहे तो पैसा आमच्या पंचायतीपर्यंत पोचत नाही. उरतात ते दुसऱ्या नावांनी असलेले निधी : जिल्हा खनिज प्रतिष्ठान, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामांवर खर्चायचा पैसा), पंचायतीला मिळणारे वित्त आयोगाचे अनुदान, आणि प्रदूषणावर राज्याने बसवलेले उपकर. यांपैकी कोणाचे दार कोणत्या कामासाठी ठोठावावे, आणि अर्ज पंचायतीच्या नावाने करावा की गावातल्या मंडळाच्या, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. आमच्या मनात तूर्त तीन कामे आहेत : शाळेजवळ हवा मोजणारे यंत्र, रस्त्याकडेला झाडांची रांग, आणि पाणी शिंपडणारा पंचायतीचा टँकर.

सत्तरीवासी

आपण अगदी योग्य वेळी विषय काढलात. सर्वांत मोठा आणि आपल्या कामाला सर्वांत जवळचा निधी खनिज प्रतिष्ठानचाच आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

खाण कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन खाणींची झळ बसलेल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी असे प्रतिष्ठान स्थापणे बंधनकारक झाले. जुन्या पट्ट्यांच्या धारकांनी स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 30 टक्के आणि लिलावातून पट्टा घेतलेल्यांनी 10 टक्के इतकी रक्कम स्वामित्वधनाव्यतिरिक्त या निधीत भरायची असते. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा या जिल्ह्यांची वेगवेगळी प्रतिष्ठाने आहेत. हा पैसा प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे खर्च करावा लागतो, आणि त्या सूत्रांत अग्रक्रमाच्या विषयांमध्ये पिण्याच्या पाण्याच्या बरोबरीने ‘पर्यावरण संरक्षण आणि प्रदूषण नियंत्रण’ हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. 2015 च्या सूत्रांत अशा विषयांवर किमान 60 टक्के खर्च करायचा होता. 2024 च्या सुधारित सूत्रांनी तो वाटा 70 टक्क्यांवर नेला. म्हणजे धुळीवरचे काम हे या निधीचे मूळ प्रयोजन आहे आणि त्यासाठी कोणाकडे मेहेरबानी मागावी लागत नाही, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

आमच्या तालुक्यातील सोनशीच्या लोकांनी एप्रिल 2017 मध्ये धुळीमुळे त्रस्त होऊन खनिजाचे ट्रक अडवले आणि त्यांतल्या पुष्कळांना अटक झाली, हे सर्वांना आठवत असेल. प्रतिष्ठानचा कायदा त्याच्या दोन वर्षे आधीच झालेला होता. निधी कागदावर असणे आणि तो रस्त्याकडच्या घरापर्यंत पोचणे यांत केवढे अंतर असते, हे त्या प्रसंगाने दाखवले. म्हणून म्हणतो, अर्ज सुटा करू नका. एका वाड्याचा अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ म्हणून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एकाच वाहतूकमार्गावरच्या तीनचार पंचायतींनी मिळून एक प्रस्ताव केला आणि तो आमदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

सडेकर

वास्कोहून लिहितो. आमच्याकडे लाल धुळीच्या जागी काळी भुकटी असते. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, आणि उन्हाळ्यात वारा फिरला की गॅलरीतल्या दोरीवरचे धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात.

उपकरांविषयी थोडे स्पष्टीकरण द्यावेसे वाटते, कारण त्यावरून लोकांची फार गल्लत होते. गोव्यात ग्रामीण सुधारणा व कल्याण उपकर कायदा 2000 साली झाला आणि प्रदूषणकारी पदार्थांवरचा हरित उपकर कायदा 2013 साली. दोन्हींचा उद्देश वाचला तर आपल्यासाठीच केलेले आहेत असे वाटते. परंतु उपकराची रक्कम राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि तिथून अर्थसंकल्पाच्या वाटेने बाहेर पडते. तिच्यासाठी पंचायतीने किंवा मंडळाने अर्ज करावा अशी खिडकी नसते. त्या पैशाबद्दल विधानसभेत प्रश्न विचारायला लावणे एवढेच आपल्या हातात आहे आणि ते अवश्य करावे, पण आपला प्रस्ताव त्याच्या भरवशावर ठेवू नये. लोहखनिज कायम निधीचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये विक्रीच्या 10 टक्के रक्कम बाजूला काढायला सांगितली ती पुढच्या पिढ्यांसाठी. तिच्यातून आजचे टँकर घेणे त्या निकालाच्या आशयालाच धरून होणार नाही.

निवृत्त_सचिव

बरीच वर्षे पंचायत सचिव म्हणून काम केले, त्या आधारावर लिहीत आहे.

अर्ज पंचायतीच्याच नावाने करावा. मंडळ कितीही प्रामाणिक असले तरी रस्त्याकडेची जागा, झाडे आणि यंत्रे कोणाच्या मालकीची, हा प्रश्न पहिल्याच तपासणीत येतो आणि तिथे मंडळाकडे उत्तर नसते. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्या खात्याचा ना हरकत दाखला लागेल, आणि झाडे लावण्याची पट्टी कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) असेल तर कोमुनिदादची संमती लागेल. हे दोन कागद आधी हातात घ्यावेत. बाकीचे काम त्यानंतर सुरू करावे.

ग्रामसभेचा ठराव कसा लिहिलेला आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘गावातील धूळप्रदूषणावर शासनाने त्वरित उपाययोजना करावी’ असा ठराव मी कित्येकदा इतिवृत्तात लिहिला आहे आणि त्यावर ‘नोंद घेतली’ यापलीकडे काही झालेले पाहिलेले नाही. त्याऐवजी ठरावात रस्त्याचा कुठपासून कुठपर्यंतचा भाग, त्यावरची शाळा, अंगणवाडी आणि घरे, कोणत्या महिन्यांत त्रास होतो, नेमके कोणते काम हवे, त्याचे अभियंत्याने केलेले अंदाजपत्रक, आणि काम झाल्यावर त्याची देखभाल कोण व कोणत्या पैशातून करणार, हे सर्व आले पाहिजे. शेवटची बाब बहुतेकजण गाळतात, आणि प्रस्ताव बहुधा तिथेच अडतो.

वित्त आयोगाच्या अनुदानाबद्दल सांगायचे तर, 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या वाट्याचे 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते आणि 40 टक्के स्थानिक गरजेप्रमाणे वापरण्यास मोकळे, मात्र पगार व आस्थापना खर्चासाठी नाही. सोळाव्या आयोगाच्या काळातल्या अटी पंचायतीने त्या त्या वर्षी तपासून घ्याव्यात. कोणतेही काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी यायला हवे. आराखड्यात नसलेल्या कामावर या पैशातून खर्च दाखवता येत नाही.

गाळणकागद

मी हवेचे नमुने तपासण्याच्या कामात आहे. वाळवंटीकाठ यांच्या यादीतल्या पहिल्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण चुकीचे यंत्र घेतले तर गावाचे नुकसान होईल.

बाजारात स्वस्तात मिळणारी भिंतीवर लावायची यंत्रे लेझरच्या प्रकाशात कण मोजतात. धुरातले बारीक कण, म्हणजे पीएम 2.5 (अडीच मायक्रॉनपर्यंतचे), त्यांना बऱ्यापैकी दिसतात. रस्त्यावरून उडणारी खनिजाची धूळ मात्र बरीचशी त्याहून जाड असते, आणि ती धूळ ही यंत्रे फार कमी दाखवतात. त्यातून गोव्याची दमट हवा. आर्द्रता वाढली की कण पाणी धरून फुगतात आणि यंत्र प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडा दाखवू लागते. याचा परिणाम काय होईल पाहा. ट्रक चालू असलेल्या कोरड्या दुपारी आकडा कमी येईल, आणि पहाटे दव पडलेले असताना, परसात चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) पेटलेली असताना, तो चढेल. गावाने स्वतःच्या खर्चाने यंत्र बसवून ‘ट्रकांचा काही दोष नाही’ असा पुरावा स्वतःच तयार केलेला असेल.

म्हणून धुळीसाठी जुनीच पद्धत धरावी. नमुना घेणाऱ्या यंत्रात आधी वजन केलेला पांढरा गाळणकागद बसवतात, ठरावीक वेळ त्यातून हवा ओढतात, आणि कागद परत तोलतात. खनिजाच्या रस्त्यावरचा कागद काढला की त्याच्या मधोमध विटकरी रंगाची गोल चकती उमटलेली असते आणि कडेला जिथे पकड असते तिथे कागद पांढराच राहिलेला असतो. तो कागद ग्रामसभेत दाखवला तर पीएम 10 (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) म्हणजे काय हे कोणाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे, जी 2009 साली ठरली, पीएम 10 चे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आत आणि वर्षाची सरासरी 60 च्या आत हवी, पीएम 2.5 साठी हेच आकडे 60 आणि 40 आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेल्या मर्यादा याहून खूपच कडक आहेत : पीएम 10 साठी वार्षिक 15 आणि पीएम 2.5 साठी 5. ही मोजणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, किंवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला ठरावाद्वारे विनंती करून, करून घ्यावी. याशिवाय रुंद तोंडाचे भांडे महिनाभर उघड्यावर ठेवून पडलेली धूळ तोलण्याची एक सोपी पद्धतही भारतीय मानकांत आहे. तिला वीज लागत नाही आणि शाळेतली मुलेसुद्धा देखरेख करू शकतात.

मोजणी नोव्हेंबर ते मे या कोरड्या दिवसांत करावी, आणि कामाच्या आधीची व नंतरची तुलना त्याच महिन्यांची करावी. मार्चचा आकडा आणि जुलैचा आकडा शेजारी ठेवून ‘धूळ घटली’ असे सांगणारे अहवाल मी पाहिले आहेत. ते काम पावसाने केलेले असते.

वाळवंटीकाठ

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. गाळणकागद यांच्या माहितीमुळे यंत्राचा विचार आम्ही बदलत आहोत. आता टँकरबद्दल विचारतो. गावात सर्वांची मागणी टँकरचीच आहे, आणि आमच्या मार्गावर वाहतूक करणारी एक कंपनी सीएसआरमधून तो देऊ करील असे एका पंचांनी कळवले आहे. घ्यावा का?

मांडवीपार

मी कंपन्यांचे हिशेब पाहण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून नियम काय म्हणतो ते सांगतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. अनुसूची सातमध्ये हवेची गुणवत्ता राखणे हे काम नाव घेऊन दिलेले आहे. पण 2021 साली सुधारलेल्या नियमांत सीएसआर म्हणजे काय नव्हे हेही सांगितले आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम त्यात धरता येत नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही कायद्याने अंगावर असलेले कर्तव्य पार पाडण्याचा खर्चही त्यात दाखवता येत नाही.

आता बघा, खनिजवाहतुकीच्या रस्त्यावर पाणी शिंपडणे, ट्रक ताडपत्रीने झाकणे, सांडलेला माल उचलणे या गोष्टी खाणीला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या अटींमध्ये सामान्यतः असतात. तशी अट त्या कंपनीवर असेल, तर तिने दिलेला टँकर ही देणगी होत नाही. ते तिचे बंधन आहे. पंचायतीने तो देणगी म्हणून स्वीकारला की चालक, डिझेल, पाणी आणि दुरुस्ती पंचायतीच्या गळ्यात पडते, आणि उद्या धूळ उडाली तर विचारणा पंचायतीला होते. मंजुरीच्या पत्राची प्रत मागवून घ्या, अटी वाचा, आणि मगच पंचांना उत्तर द्या.

सडेकर

मांडवीपार यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, किंबहुना त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की जी कंपनी धूळ उडवते तिच्याकडून हवेच्या नावाने एक रुपयाही घेऊ नये. आमच्या भागात एका कंपनीने शाळेला वह्या दिल्या, क्रीडास्पर्धेला चषक दिले, वाचनालयाला कपाट दिले. पुढे प्रदूषणाच्या जाहीर सुनावणीला लोकांना बोलवायला गेलो तेव्हा, ‘त्यांनी आपल्याला एवढे दिले, त्यांच्याविरुद्ध कसे बोलायचे’ असे भल्या माणसांनी हात जोडून सांगितले. त्या माणसांना मी दोष देत नाही. घेतल्यानंतर तोंड उघडायला जड जाते, हा माणसाचा स्वभाव आहे, आणि देणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो.

सत्तरीवासी

सडेकरबाब, आपली कळकळ समजते, पण माझा अनुभव थोडा निराळा आहे. आमच्या बाजूच्या एका गावात कंपनीच्या पैशातून आरोग्य केंद्राला श्वसनाच्या तपासणीचे यंत्र मिळाले. त्याच्या नोंदींमुळेच पुढे लोकांना आपल्या खोकल्याबद्दल डॉक्टरांच्या कागदासह बोलता आले. पैसा कोणाचा यापेक्षा तो कोणत्या अटीवर आला हे मला महत्त्वाचे वाटते. करार ग्रामसभेत वाचून दाखवला जावा. मोजणीचे आकडे गावाच्या मालकीचे राहावेत आणि ते प्रसिद्ध करण्यास कोणाची परवानगी लागू नये. तक्रार करण्याचा हक्क सोडल्याचा एक शब्दही त्यात नसावा. या गोष्टी मान्य नसतील तर पैसा परत करावा.

सडेकर

अटी कागदावर राहतात, उपकार मनात राहतात. आरोग्य केंद्राच्या यंत्राबाबत मात्र आपले म्हणणे मला पटते. तपासणीचे यंत्र धुळीची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे सरकवत नाही, टँकर सरकवतो. हा फरक मी मान्य करतो.

निवृत्त_सचिव

सीएसआरच्या वाटेने जायचेच ठरले तर एक व्यवहारी गोष्ट. 1 एप्रिल 2021 पासून कंपनीचा पैसा ज्या संस्थेमार्फत खर्च व्हायचा तिची सीएसआर-1 नोंदणी लागते, आयकराची 12ए आणि 80जी ही प्रमाणपत्रे लागतात, आणि कंपनीची स्वतःची संस्था नसेल तर तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. गावात परवा स्थापन झालेल्या मंडळाला ते जमणार नाही, आणि तेवढ्यासाठी नवी संस्था काढण्यात वेळ घालवू नये.

सांगेची_शिक्षिका

सर्व चर्चा रस्त्याविषयी चालली आहे म्हणून, अनुमती असेल तर, घराकडे लक्ष वेधते. आमच्या गावात खनिजाचा रस्ता नाही, तरीही डिसेंबर ते मार्च या महिन्यांत सकाळच्या प्रार्थनेला निम्मी मुले खोकत असतात. कारण सगळ्यांच्या परसात आहे. न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवण्याच्या भांड्याखाली) चुडते आणि नारळाची सोडणे जळतात, अंगणातला पातेरा (गळलेली पाने) झाडून त्याचा ढीग पेटवला जातो, आणि अलीकडे त्या ढिगात दुधाच्या पिशव्या आणि थर्मोकोलही असतो. काजूच्या दिवसांत बागायतीत सुकलेले गवत जाळले जाते ते वेगळेच. हा धूर जमिनीलगत राहतो आणि मुलांच्या उंचीवर असतो.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालून 5,000 रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये, भरपाई ठरवली आहे. पण ज्या आजीने साठ वर्षे पातेरा जाळला तिला दंडाची पावती देऊन काय साधणार? तिला तो टाकायला जागा हवी. माझी विनंती अशी की प्रस्तावात पातेरा बारीक करण्याचे यंत्र आणि खताचा खड्डा यांचाही समावेश करावा. कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) पातेऱ्याचे खत वाया जात नाही, हे मी सांगायला नको.

गाळणकागद

बाईंनी फार मोलाची भर घातली. आधी म्हटल्याप्रमाणे स्वस्त लेझर यंत्रांना धूर दिसतो, तेव्हा त्या यंत्राचा योग्य उपयोग इथे आहे. शाळेच्या ओसरीवर ते लावावे. आधी काही आठवडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या एखाद्या अधिकृत मोजणी केंद्राशेजारी ठेवून त्याचा आकडा किती सरकतो ते पाहून घ्यावे. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा गोवा विद्यापीठ इथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी असे काम हवेच असते.

निवृत्त_सचिव

आणि पातेऱ्याच्या यंत्राला पैसा शोधत फिरावे लागणार नाही. घनकचरा व्यवस्थापन हे स्वच्छतेच्या बांधील अनुदानात बसते. विकास आराखड्यात ते ‘जैविक कचऱ्यावर प्रक्रिया’ या नावाने दाखवावे.

मांडवीपार

बाहेरच्या देशांतून अनुदान मिळेल का, असे एकदोघांनी मला खासगीत विचारले, म्हणून इथेच उत्तर देतो. परदेशी निधी घ्यायचा तर विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. तिच्यासाठी सर्वसाधारणपणे संस्थेचे तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात किमान 15 लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो आणि एका संस्थेने घेतलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. एका पंचायतीच्या कामासाठी हा मार्ग नव्हे.

मात्र त्या देशांतल्या योजनांची रचना अभ्यासण्यासारखी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर 2022 मध्ये 37 राज्यांतल्या 132 स्थानिक हवामोजणी प्रकल्पांना मिळून 5 कोटी 34 लाख डॉलर जाहीर केले. ती रक्कम केवळ मोजणीसाठी होती. कॅलिफोर्निया राज्याने 2017 च्या कायद्याने जे केले ते मला अधिक शहाणपणाचे वाटते : निवडलेल्या वस्त्यांमध्ये मोजणीला उत्सर्जन घटवण्याचा आराखडा जोडला, आणि स्थानिक संघटनांना त्या प्रक्रियेत भाग घेता यावा म्हणून निराळे अनुदान ठेवले. लोकांना कागदपत्रे समजून घ्यायला, बैठकांना यायला, तज्ज्ञाला विचारायला खर्च येतो, हे सरकारने मान्य केले. आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत लोखंड आणि सिमेंट असते, माणसाच्या वेळेचा रकाना नसतो.

वाळवंटीकाठ

काल आम्ही काही जण रस्त्यावरून चालत गेलो आणि धूळ नेमकी कुठे आहे ते पाहिले. ती सगळीकडे सारखी नाही. भरलेला ट्रक गतिरोधकावर आदळतो तेव्हा मागच्या फाळक्याच्या फटीतून बारीक माल सांडतो. त्याच्यावरून पुढचे ट्रक जाऊन त्याचे पीठ होते, आणि त्याच्या पुढचा ट्रक ते पीठ उडवतो. गतिरोधकाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला बोटभर थर आहे, आणि तिथून थोडे पुढे गेले की डांबर दिसते. आमच्या रस्त्यावर अशा जागा थोड्याच आहेत : गतिरोधक, देवळाजवळचे वळण, आणि पुलाकडचा चढ. शाळा नेमकी एका गतिरोधकाला लागून आहे, कारण गतिरोधक शाळेसाठीच घातलेला आहे.

यावरून प्रस्ताव बदलावा असे आमचे मत झाले आहे. टँकर मागायचा नाही. पाणी मारणे, फाळक्याची फट बुजवणे आणि सांडलेला माल उचलणे या अटी ज्यांच्यावर आहेत त्यांनी त्या पाळाव्यात, यासाठी वेगळे पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि खाण खात्याला द्यायचे. खनिज प्रतिष्ठानकडे मागायचे ते असे : या ठरावीक जागांवर रस्त्याचे मातीचे खांदे (डांबराच्या कडेच्या पट्ट्या) पक्के करणे, धूळ ओढून घेणारे झाडणी यंत्र तीनचार पंचायतींत मिळून एक, शाळेच्या बाजूने उंच कुंपण आणि बारमाही हिरव्या राहणाऱ्या स्थानिक झाडांची दुहेरी रांग, आरोग्य केंद्रात श्वसन तपासणी, आणि आधीची व नंतरची मोजणी. झाडे मोठी व्हायला वर्षे लागतील आणि बारीक कण त्यांनी फारसे अडणार नाहीत, हे लोकांना आधीच सांगायचे.

सत्तरीवासी

हा प्रस्ताव मला फार आवडला. पक्के खांदे ही कल्पना विशेष चांगली, कारण ट्रक एकमेकांना बाजू देताना चाक मातीत उतरते आणि रस्त्यावर लाल चिखल किंवा माती तिथूनच येते. एकच सूचना : झाडणी यंत्र कोणत्या पंचायतीच्या नावावर राहील आणि ते कोणत्या दिवशी कोणाकडे, हे सगळ्या पंचायतींच्या ठरावांत एकाच शब्दांत लिहा. आमच्याकडे शववाहिकेवरून दोन पंचायतींत वाद झाला होता, तो केवळ ठरावांतल्या शब्दांच्या फरकामुळे.

सांगेची_शिक्षिका

शाळेच्या वेळेत, म्हणजे मुले येण्याच्या आणि सुटण्याच्या अर्ध्या तासात, त्या गतिरोधकावरून भरलेले ट्रक जाऊ नयेत अशी मागणीही पत्रात करता येईल का? तिला काही खर्च येत नाही.

वाळवंटीकाठ

अवश्य. ती मागणी जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रात पहिलीच घालतो. एक शंका उरली आहे. पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च प्रतिष्ठान देईल असे गृहीत धरावे का? पातेऱ्याच्या यंत्राचे वीजबिल आणि झाडणी यंत्राच्या चालकाचा पगार या दोन बाबींवर आमचे पंच अडले आहेत.

निवृत्त_सचिव

गृहीत धरू नये. झाडणी यंत्र विकत न घेता पाच वर्षांच्या सेवेचे कंत्राट मागावे. त्यात चालक, इंधन आणि दुरुस्ती कंत्राटदाराची असते, आणि ती सगळी रक्कम मंजुरीच्या वेळीच प्रकल्पाच्या किमतीत धरली जाते. वीजबिलासाठी पंचायतीने घरपट्टीबरोबर घेतल्या जाणाऱ्या कचरा शुल्कातून ठरावीक रक्कम बाजूला ठेवण्याचा ठराव त्याच ग्रामसभेत करावा आणि त्याची प्रत प्रस्तावाला जोडावी. अंदाजपत्रक तयार झाले की इथे टाका, बाबींची नावे मी तपासून देईन.